मटकीचे मोड, शंभराची मोड

हॉटेलातल्या बडीशेपेचा आणि पचनाचा काडीइतकाही संबंध नाही, असं माझं ठाम मत आहे. खाल्लेलं पचावं म्हणून बडीशेप देत असते, तर ती मीठ-मिरपुडीच्या डब्यांशेजारी टेबलावर आधीपासूनच ठेवली असती. ती येते नेमकी बिलाबरोबर. म्हणजे तिचं नातं पोटाशी नाही, खिशाशी आहे. बिलाचा कागद पंख्यानं उडू नये म्हणून वजन, आणि आकडा एकदम डोळ्यांत भरू नये म्हणून पडदा, अशी दुहेरी नोकरी ती बिचारी वर्षानुवर्षं करते आहे.

बिल चुकतं झालं की वेटर तीच बशी पुन्हा आणतो. या खेपेला तिच्यात उरलेले पैसे असतात. इथून पुढची अर्धी मिनिटं मोठी बघण्यासारखी असतात, वाचकहो. कधी आपलं खाणं आटोपून शेजारच्या टेबलावर नजर ठेवा. एक गृहस्थ बडीशेप चघळतोय असं दाखवून डोळ्यांनी पैसे मोजत असतो. दुसरा सगळे पैसे एका झडपेत खिशात टाकतो, दोन पावलं जातो, मग लाज वाटून परत येतो आणि बशीत एक नाणं असं ठेवतो, की ते आधीपासून तिथंच होतं असं वाटावं. तिसरा बायकोकडे पाहतो. बायको छताकडे पाहते. चौथ्याला नेमका याच वेळी हात धुवायला जायचं असतं. तो बेसिनवरून परत येईपर्यंत बशीचं काय व्हायचं ते होऊन जातं, आणि त्याला दिल्याचंही समाधान मिळतं आणि न दिल्याचंही. पाचवा असतो तो खरा उदार. तो मोठ्यानं म्हणतो, "राहू दे तुला!" बशीत दोन रुपये असतात.

या पैशांना आपल्या भाषेत नावं तरी किती! सुटे, चिल्लर, खुर्दा, मोड. त्यातला 'मोड' हा शब्द माझा सर्वांत आवडता. मटकीला येतात ते मोड पुल्लिंगी आणि नोटेची मिळते ती मोड स्त्रीलिंगी, एवढाच काय तो व्याकरणातला फरक. व्यवहारातला फरक असा, की मटकी रात्री फडक्यात बांधून ठेवली तर सकाळी मोड हमखास येतात. शंभराची नोट गल्ल्यावर दिली तर तिची मोड येईलच असं सांगता येत नाही.

हे घेण्याचं झालं. देण्याचे शब्दही कमी नाहीत. बक्षीस, खुशाली, पोस्त, चहापाणी, चिरीमिरी. यांत गल्लत करून चालत नाही. चिरीमिरी म्हटलं की काम अडलेलं असतं, बक्षीस म्हटलं की काम झालेलं असतं आणि पोस्त म्हटलं की दिवाळी आलेली असते. तमाशाच्या फडात जी दौलतजादा होते तिची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं देणाऱ्याचं नाव पुकारतात. पैसे बाईंना आणि मोठेपणा पाटलांना. हॉटेलात हे सगळे शब्द मागं पडले आणि 'टीप' तेवढी टिकली. टीप शिंपी घालतो, ग्रंथकार देतो आणि चोराचा साथीदारही देतो. हॉटेलातली टीप यांपैकी ग्रंथकाराच्या टीपेला जवळची. दोन्ही अगदी तळाशी असतात, दोन्ही बारीक असतात, आणि दोन्ही वाचायच्या आधीच पुष्कळ लोक उठून जातात.

आता या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. तर मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कॅशच्या काउंटरवर बसतो. दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे, लोकांना द्यायचे आणि संध्याकाळी आपल्याजवळ एक रुपयाही जास्त उरला नाही याबद्दल आनंद मानायचा, हा माझा धंदा. कॅश कमी आली तर ती कॅशियरच्या खिशातून भरायची आणि जास्त आली तर ती बँकेच्या वेगळ्या खात्यात जमा करायची, असा आमच्याकडं न्याय आहे. म्हणजे तोटा माझा आणि नफा दुसऱ्याचा. त्यामुळं परक्याच्या मोडीकडं कसं पाहावं, याचं शिक्षण मला वीस वर्षं रोज मिळतं आहे.

बी.कॉम.चा मात्र या कामी उपयोग झाला नाही. जमाखर्चाचा पहिला धडा असा, की जे येतं ते नावे आणि जे जातं ते जमा. दुसरा धडा असा, की सगळे खर्च आणि तोटे नावे. टीप ही खर्चात धरायची की तोट्यात, यावर आमच्या वर्गात एकदाही चर्चा झाली नाही. 'ख्याती' नावाची एक डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता असते असं पुस्तकात होतं. आपण पुन्हा त्या हॉटेलात गेल्यावर वेटर फडक्यानं आपलंच टेबल आधी पुसतो, तेव्हा ती दिसते.

माझा जन्म साताऱ्याचा आणि नोकरी सांगलीची. हा काही फार मोठा परदेशप्रवास नव्हे. जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख एकत्र करून १९४९ साली 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. थोरल्याकडं डोंगर आणि कंदी पेढे राहिले, धाकट्याकडं हळद आणि बेदाणे आले. टीप देण्याची रीत मात्र या वाटणीत कुणाच्या वाट्याला गेली, त्याची नोंद सातबाऱ्यावर सापडत नाही.

साताऱ्यात माझे वडील शिक्षक होते. महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, ते आम्हा भावंडांना राजवाड्याकडं डोसा खायला नेत. घरी आल्यावर हिशेबाच्या वहीत पदार्थ लिहीत, आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ असे : 'इतर ०.२५'. ती वेटरची पावली. पावली म्हणजे चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आणे कायद्यातून गेले. वडिलांच्या तोंडातून ते शेवटपर्यंत गेले नाहीत. पावली हे टीपेसाठीच पाडलेलं नाणं असावं असं मला लहानपणी वाटे. ती दिली तर कंजूषपणा दिसत नसे आणि उधळपट्टीही होत नसे. पुढं ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. सरकारनं पावली बंद केली, पण तिच्या जागी टीप म्हणून काय द्यावं, ते काही जाहीर केलं नाही. तेव्हापासून मध्यमवर्ग जो गोंधळला आहे तो अजून सावरलेला नाही. पन्नास पैशांचं नाणं आजही कायद्यानं चालतं, एका वेळी दहा रुपयांपर्यंत. पण कुणा वेटरच्या हातावर ते ठेवून बघा. कायदा तुमच्या बाजूनं असेल, बाकी कुणी नसेल.

सातारा हे महामार्गावरचं गाव. त्यामुळं तिथल्या मोडीचा प्रश्न वेगळा. पुणे-बंगळूर रस्त्यावर एस.टी. हॉटेलाला लागते, कंडक्टर "दहा मिनिटं!" म्हणून पुकारतो आणि स्वतः ड्रायव्हरबरोबर आतल्या बाजूच्या टेबलावर जातो. प्रवाशांची एकच झुंबड. वडे येतात, चहा येतो, बशीत ओतून फुंकर घालून तो पोटात जातो. गल्ल्यावर पाचशेची नोट दिली जाते. मालक ती उजेडात धरतो. मग ड्रॉवर उघडतो, मिटतो. मग म्हणतो, "सुटे आणायला पाठवलंय पोराला, थांबा जरा." आणि नेमका हॉर्न वाजतो.

असा प्रसंग माझ्यावर एकदा आला होता. हॉटेल कुठलं ते सांगत नाही. महामार्ग लांब आहे. बिल १२० रुपये झालं होतं, म्हणजे ३८० रुपये मालकाकडं. गाडीनं दुसरा हॉर्न दिला. बायको खिडकीतून हात हलवत होती. तो निरोपाचा होता की बोलावण्याचा, हे ठरवायला वेळ नव्हता. मालक शांत. त्याच्या दृष्टीनं मी आयुष्यात पुन्हा न दिसणारा माणूस. मी म्हणालो, "शेठ, मी बँकेत कॅशियर आहे. तुमच्या ड्रॉवरात उजव्या खणात शंभराच्या नोटा आहेत, आवाजावरून कळतं." आवाजावरून काही कळत नसतं, वाचकहो. पण खण उघडला आणि ३८० रुपये निघाले. सुटे आणायला गेलेलं ते पोरगं त्या वेळी कोपऱ्यात उभं राहून भजी तळताना बघत होतं.

हॉर्न आणि मोड यांचं हे नातं जुनं आहे. पूर्वी एस.टी.चा कंडक्टरसुद्धा सुटे नसले की तिकिटाच्या पाठीमागं येणं लिहून देई. ते तिकीट म्हणजे एक हुंडीच. पाठीमागं लिहिलेला आकडा सांभाळत माणूस सबंध प्रवास करी, आणि खिडकीबाहेरच्या घाटाऐवजी कंडक्टरच्या चामडी पिशवीकडं बघत असे. पण त्यात एक सभ्यपणा होता. देणं आहे हे त्यानं निळ्या शाईत कबूल केलेलं असे. वाण्याकडं मोडीऐवजी हातावर चॉकलेट ठेवतात, तेव्हा हा सभ्यपणा कुठं जातो? मी एकदा साठवलेली नऊ चॉकलेटं त्याच दुकानात साबणाच्या पैशांत चालवायचा प्रयत्न केला. वाण्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच खोट्या नोटा छापतो.

सांगलीत आलो आणि मला वेगळं जग दिसलं. बँकेपासून चार पावलांवर एक जुनं हॉटेल आहे. तिथं गिऱ्हाइकं रोजची. हळदीच्या पेठेतले हमाल, कोर्टातले कारकून, मिरजेच्या दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक आणि आम्ही बँकवाले. रोजच्या गिऱ्हाइकाला फसवून चालत नाही, हे तर उघडच आहे. पण तिथल्या एका वेटरनं मला मोडीचं शास्त्र शिकवलं. वय पन्नाशीच्या पुढचं, खांद्यावर फडकं, कानावर पेन्सिल. सगळे त्यांना मामा म्हणतात. मालकही मामा म्हणतात आणि मालकांचे वडीलही मामाच म्हणत.

बिल १६२ झालं आणि तुम्ही दोनशे दिले, तर ३८ रुपये परत यायचे. साधा वेटर एक वीसची, एक दहाची, एक पाचाचं आणि वर तीन रुपये आणतो. मामा तीन दहाच्या, एक पाचाचं, एक दोनचं आणि एक रुपया असं आणतात, तेही सगळं पसरून, बडीशेपेपासून दोन बोटं लांब. मी एकदा कारण विचारलं.

"साहेब, वीसची नोट ठेवली की गिऱ्हाईक ती उचलतंय आणि नाण्यांकडं बघत बसतंय," मामा म्हणाले. "दहा-दहाच्या ठेवल्या की एक सोडायला हात होतो."

"आणि तो वरचा एक रुपया? तो कशाला आणता? तो कोण मागणार आहे?"

"म्हणून तर आणायचा! तीन रुपये ठेवून घेतले तर तीनच मिळतात, वर गिऱ्हाईक मनात शिवी देतंय ती वेगळी. रुपयापर्यंत सगळे परत केले की मग ते गिऱ्हाइकाचे पैसे. त्यातनं त्यानं दिले तर दिले. मी काढून घेतले तर ती चोरी, त्यानं दिले तर तो मान. पैसे तेच की ओ."

मी बी.कॉम.ला तीन वर्षं घालवली. हे एवढं वाक्य त्यात कुणी सांगितलं असतं तर फी वसूल झाली असती. हॉटेलातली निम्मी कटकट या दोन गोष्टींची गल्लत केल्यानं होते. मोड हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि टीप ही त्याची मर्जी. "सुटे नाहीत, राहू द्या ना साहेब" असं म्हणून जो वेटर पाच रुपये ठेवून घेतो, तो आपले पाच रुपये नेतो याचं दुःख नसतं. आपण त्याला दहा देणार होतो ती संधीच तो नेतो. देणाऱ्याचा मोठेपणा परस्पर लांबवण्याचा गुन्हा भारतीय दंड विधानात नव्हता आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेतही नाही.

मोठ्या शहरांतल्या हॉटेलांनी हाच उद्योग छापील करून टाकला. बिलाच्या तळाशी 'सर्व्हिस चार्ज' म्हणून एक ओळ आपोआप यायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की असा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. एवढी मोठमोठी माणसं, एवढे वकील, एवढी वर्षं. आणि निकाल मामांच्या वाक्याच्या एक इंचही पुढं गेला नाही.

अमेरिकेत आमचा एक भाचा असतो. तो सांगतो, तिथं पंधरा-वीस टक्के टीप ठेवली नाही तर वेटर दुखावतो. मला आधी तो उर्मटपणा वाटला. पण तिथल्या केंद्राच्या कायद्यात, ज्यांना टीप मिळते त्या कामगारांना मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर रोख दिले तरी चालतात, बाकीचे टीपेतून भरून निघावेत असं धरतात. आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी जास्त ठरवले आहेत ते सोडा. म्हणजे तिथं टीप ही खुशाली नव्हे, पगारच. फक्त तो मालकाऐवजी गिऱ्हाइकानं करायचा. उलट जपानात टीप द्यायची पद्धतच नाही. टेबलावर पैसे विसरलेत असं समजून वेटर ते घेऊन तुमच्या मागं धावत येतो म्हणे. आमचे एक सहकारी हे ऐकून म्हणाले, "सेवानिवृत्तीनंतर राहण्यासारखा देश आहे."

हे सहकारी आणि आम्ही, असे सहाजण शनिवारी अधूनमधून एकत्र जेवतो. पद्धत टी.टी.एम.एम.ची, म्हणजे तुझं तू, माझं मी. सहाजण बँकेत हिशेब करणारे असल्यामुळं बिल वाटायला वेळ लागत नाही. टीप वाटायला लागतो. प्रत्येकी तीन म्हणजे अठरा. अठरा हा आकडा बशीत बरा दिसत नाही. वीस करायचे तर वरचे दोन कुणाचे? एकानं ताक घेतलं नव्हतं. एकदा हा प्रश्न मिटेपर्यंत हॉटेलचे दिवे मालवायची वेळ झाली होती, आणि वेटरनंच शेवटी हात जोडले.

घरी या विषयाला वेगळं वळण लागलं. मामांचं वाक्य मी मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ज्यानं आणून ठेवलं त्याला टीप. ज्यानं आत धुरात उभं राहून केलं त्याला?" मी म्हणालो, तिथं टीप एका डब्यात जमते आणि महिनाअखेर आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांत वाटली जाते. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. पुढच्या रविवारी आमटी-भात झाल्यावर तिनं माझ्यासमोर बशी आणून ठेवली. बशीत बडीशेप होती. मुलं छताकडं बघत होती.

आता मामांबद्दल आणखी एक. ते आमच्या बँकेचे खातेदार आहेत. त्यांचं पाचशे रुपये महिन्याचं रिकरिंग आहे. डब्यातला आपला वाटा ते त्यात भरतात. रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलं आहे, की बँकांनी नाणी नाकारू नयेत, आणि शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणली तर मोजायला बरी पडतील. हे आमच्या खातेदारांपैकी फक्त मामा पाळतात. त्यांच्या पिशव्यांत गावातली न खपलेली सगळी नाणी असतात. दहा रुपयांचं नाणं चालत नाही अशी मध्यंतरी हूल उठली होती. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं, की त्याचे चौदाही नमुने खरे आहेत. पण लोक हुशार. जे नाणं दुकानात चालत नाही ते टीप म्हणून चालवायचं. मामा म्हणतात, "रिझर्व्ह बँकेनं चौदा सांगितले, माझ्याकडं सगळे आहेत."

एकदा त्यांनी पाचशेची स्लिप भरली आणि नाणी मोजून झाल्यावर पाच रुपये जास्त निघाले. मी ते नाणं काचेखालून त्यांच्याकडं सरकवलं. मामांनी ते उचललं नाही. माझ्याकडं सरळ बघून, हसून म्हणाले, "असू द्या साहेब. चहा घ्या."

मागं रांग उभी होती. ती एकदम गप्प झाली. वीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. काउंटरच्या माझ्या बाजूला बसून लाखो रुपये मोजताना जे कधी वाटलं नाही, ते त्या पाच रुपयांपाशी वाटलं. कुणीतरी आपलं काम पाहिलं आणि त्याला ते आवडलं. आणि देण्याची पद्धत तरी काय! नजर चुकवणं नाही, "राहू दे तुला" असा सूर नाही, नाणं बडीशेपेखाली लपवणं नाही. तीस वर्षं ज्या माणसानं हजारो टीपा घेतल्या, त्याला द्यावी कशी हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"मामा, बँकेत चालत नाही हो," मी म्हणालो.

मामांनी नाणं उचलून खिशात टाकलं. "मग आमचं बरं. आमच्याकडं चालतंय, पण गिऱ्हाईक देत नाही. तुमच्याकडं गिऱ्हाईक द्यायला उभं आहे, तर चालत नाही."

रांग हसली. मीही हसलो. पण त्यांचं पहिलं वाक्य नुसता विनोद नव्हता, हे मला पुढच्या काही महिन्यांत कळलं. नाण्यांच्या पिशव्या लहान होत चालल्या होत्या. पाचच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. एका महिन्यात हप्ता भरायला मामा महिना संपता संपता आले, आणि नाण्यांबरोबर पगारातली एक शंभराची नोटही त्यात होती.

"मोड बंद झाली साहेब," ते म्हणाले.

खरंच होतं. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि हळूहळू प्रत्येक गल्ल्यावर चौकटीतला कोड येऊन बसला. आता १६२ चं बिल म्हणजे १६२. ना नोट, ना मोड, ना बशी. महामार्गावरच्या मालकाची सुटे आणायला पोरगं पाठवायची सोय गेली, ते उत्तमच झालं. हॉर्न वाजला तरी आता कुणाचे ३८० रुपये मागं राहत नाहीत. चॉकलेटं गेली. हक्काचा प्रश्न यंत्रानं एका झटक्यात सोडवला. पण मर्जी होती ती मोडीच्या पाठीवर बसून येत होती. मोड गेली, तिच्याबरोबर तीही गेली. लोक कंजूष झाले म्हणावं तर तसंही नाही. ते पूर्वीसारखेच आहेत, फक्त त्यांच्या खिशात काही नसतं. टेबलावरून उठताना ते मामांकडं बघून हसतात. हसू रिकरिंगला भरता येत नाही, एवढीच अडचण.

मी मामांना म्हणालो, तुमचाही कोड काढून देतो की, पाच मिनिटांचं काम. मालकांच्या कोडशेजारी लावून टाका. मामांनी मान हलवली. "नको. पाटी लावली की ते मागितल्यासारखं होतंय. बशीतलं मी कधी मागितलं नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात ते नाही. म्हणून मी आपला एक साधा उपाय करतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतःच्या खात्यातून दोनशे रुपये काढायचे, दहा-दहाच्या वीस नोटा घ्यायच्या, आणि त्या पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. बिल कोडवर, टीप हातावर. देताना माणसाकडं बघायचं. बडीशेपेकडं बघायचं नाही. दहाची नोट म्हणजे काही फार नाही, पण ती देताना आपण त्याला पाहिलं हे त्याला दिसतं. पावलीनं माझ्या वडिलांचं जे काम होत होतं, ते सध्या दहाच्या नोटेनं भागतं आहे.

वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. दहाच्या नोटा हव्या असतील तर आपापल्या बँकेत मागा. कॅशियर म्हणेल, "संपल्या." तो तसं नेहमीच म्हणतो. आपण न रागावता तिथंच उभं राहायचं आणि त्याच्या खणाकडं बघून म्हणायचं, "उजव्या बाजूला आहेत. आवाजावरून कळतं."